टर्बो पेट्रोल गाडी दुपारी घाटात ओढत नाही, 'टायमिंग आउट' म्हणतात. चेन खोलण्याआधी काय तपासावं?

होटगीरोड
नमस्कार मंडळी. गाडी एक लिटरची, तीन सिलिंडर, डायरेक्ट इंजेक्शन टर्बो पेट्रोल, गिअर हाताचे. पंचावन्न हजार किलोमीटर झालेत. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव आलं की त्यावरच वाद सुरू होतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहतो.

तक्रार अशी आहे. सकाळी गाडी झकास पळते. दुपारी चौघं बसलेले असताना तुळजापूरच्या घाटात पाय दाबला, की दोन-अडीच हजार आरपीएमला जोरच लागत नाही. पुढून बारीक खडखड येते. चेक इंजिनचा दिवा लागलेला नाही. मायलेज मात्र उन्हाळा सुरू झाल्यापासून घसरलंय.

सर्व्हिस सेंटरला दाखवली. त्यांनी स्कॅनर लावून एक फेरी मारली आणि सांगितलं, "टायमिंग आउट झालंय, चेन किट बदलावं लागेल." खर्चाचा आकडा मोठा आहे. स्कॅनरवर नेमकं काय दिसलं असं विचारलं, तर "इग्निशन टायमिंग मागे जातंय" (म्हणजे ठिणगी उशिरा पडतेय) एवढंच उत्तर मिळालं. चेन खोलायला होकार देण्याआधी मला स्वतःला काय तपासता येईल? गाडीच्या संगणकातले आकडे फोनवर दाखवणारं ब्लूटूथचं ओबीडी यंत्र माझ्याकडे आहे.

सातरस्ता
प्लग काढून बघा आधी. टर्बो गाडीत प्लगची गॅप कमी लागते, बहुतेक ०.७ ते ०.८ मिलिमीटर. बूस्ट (टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब) आल्यावर सिलिंडरमधला दाब वाढतो, मग मोठ्या गॅपवर ठिणगी उडी मारत नाही आणि गाडी मिसिंग करते. कुणी साध्या इंजिनाचे प्लग टाकले असतील तर हाच प्रकार होतो. हीट रेंजही बघा. गरम प्रकारचा प्लग बसला तर त्याचं टोक तापून लाल होतं आणि पेट्रोल ठिणगीआधीच पेटतं.

शेंगाचटणी
होटगीरोड भाऊ, चौघांशिवाय डिकीत काय होतं तेही लिहा. आमच्याकडे तुळजापूरला निघायचं म्हणजे कडक भाकरीचं गाठोडं, पाण्याचे दोन कॅन आणि आजीची पिशवी धरून पाचवा माणूस भरतो. 😄

काळीमाती
हे सगळं ई-२० (वीस टक्के इथेनॉलच्या) पेट्रोलमुळे आहे. माझ्याही गाडीचं मायलेज पडलंय. इथेनॉल घातल्यापासून गाड्यांचं टायमिंग बिघडायला लागलंय, कुणी काहीही म्हणो.

निवृत्त_फोरमन
होटगीरोड, चेनला हात लावू देऊ नका अजून. कारण सांगतो.

पद्मिनी आणि ॲम्बॅसिडरच्या काळात प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोहोचवणारा डिस्ट्रिब्युटर असायचा. त्याला फिरणं मिळायचं कॅमशाफ्टकडून, म्हणजे वाल्व उघडणाऱ्या दांड्याकडून. म्हणून क्रँकवरून कॅमशाफ्ट फिरवणारी टायमिंगची चेन किंवा गिअर झिजला तर वाल्वही सरकायचे आणि ठिणगीही सरकायची. आम्ही डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट सैल करून, पुलीवरच्या खुणेवर टायमिंग लाइट मारून अंश लावायचो. जुना मिस्त्री कानानेच लावायचा. चढावर हलकं टिकटिक ऐकू येईपर्यंत पुढे घ्यायचं, मग जरासं मागे.

तुमच्या गाडीत हे काहीच नाही. ठिणगी कधी टाकायची हे ईसीयू (इंजिनाचा संगणक) ठरवतो, आणि तो बघतो क्रँकवरच्या दातेरी चाकाकडे. बऱ्याच गाड्यांत त्या चाकावर साठ दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात. म्हणजे एक दात सहा अंशांचा, आणि गाळलेल्या जागेवरून ईसीयूला पिस्टन कुठे आहे ते कळतं. हे चाक थेट क्रँकवर असतं. मध्ये चेन नाही. चेन सैल झाली तर वाल्व उशिरा उघडतील, पण ठिणगी जागची हलणार नाही.

तेव्हा "इग्निशन टायमिंग मागे जातंय, म्हणून चेन बदला" हा हिशेब जुळत नाही. टायमिंग मागे जात असेल तर ईसीयू ते स्वतः मागे नेतोय. का नेतोय, ते शोधायचं.

भीमाकाठ
काकांचा मुद्दा मान्य, पण चेन इतक्या सहज सोडू नका. माझ्या मेहुण्याच्या टर्बो गाडीची चेन खरंच सैल झाली होती. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) खलास. कॅम मागे पडला की इंजिनात हवा भरण्याचं गणित बदलतं, ताकद जाते, आणि स्कॅनरवर सगळेच आकडे विचित्र दिसतात.

निवृत्त_फोरमन
बरोबर. पण मेहुण्यांच्या गाडीत सकाळी पहिल्या स्टार्टला आवाज येत होता का? आणि दिवा लागला होता का?

भीमाकाठ
दोन्ही. थंड स्टार्टला दोन-तीन सेकंद साखळी ओढल्यासारखा आवाज, आणि कोड पी ००१६. क्रँक आणि कॅम यांचा मेळ बसत नाही असा तो कोड.

निवृत्त_फोरमन
हेच म्हणतो मी. चेन एक दात जरी सरकली तरी क्रँकचे पंधरा-वीस अंश जातात. तेवढं झालं तर गाडी सकाळीही रडेल, आयडलवरही थरथरेल. चेन काही दुपारचं ऊन बघून सैल होत नाही.

ॲडव्हान्स१०
काका, तुमच्या शेवटच्या वाक्याला सलाम.

काळीमाती, इथेनॉलबद्दल एक दुरुस्ती. मायलेज पडण्याचं तुमचं निरीक्षण खरं आहे. एका लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. पण नॉकिंगच्या (मिश्रण आपोआप भडकून ठोके बसण्याच्या) बाबतीत उलटं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन (आपोआप न भडकण्याची क्षमता) पेट्रोलपेक्षा बराच जास्त आहे आणि त्याची वाफ होताना ते उष्णताही जास्त शोषतं. त्यामुळे नॉक कमी व्हायला मदतच होते. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, सील, टाकीत पाणी शिरणं या तक्रारी वेगळ्या आणि त्या मी मोडीत काढत नाही. फक्त टायमिंग मागे जाण्याचं खापर इथेनॉलवर फोडता येत नाही.

आता मूळ प्रश्न. ठिणगी पडल्यावर मिश्रण लगेच पूर्ण जळत नाही, जळायला वेळ लागतो. ३००० आरपीएमला क्रँक एका मिलिसेकंदात १८ अंश फिरतो. म्हणून पिस्टन वर पोहोचण्याआधीच ठिणगी टाकतात, म्हणजे सगळ्यात जास्त दाब पिस्टन खाली यायला लागल्यावर मिळतो. हाच ॲडव्हान्स.

टर्बोमुळे आत हवा जास्त कोंबली जाते आणि ती तापलेलीही असते. ठिणगीपासून निघालेली ज्वाळा कडेपर्यंत पोहोचायच्या आत तिथलं उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने स्वतःच भडकलं, की नॉक होतो. धातूवर ठोकल्यासारखा आवाज येतो, आणि तो जास्त काळ चालू राहिला तर पिस्टनच्या कडा खाल्ल्या जातात. म्हणून ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो. त्यात पिझो स्फटिक असतो, कंपनं आली की विजेचा सिग्नल देतो. लहान इंजिनांत नॉकची कंपनं सहा ते आठ हजार हर्ट्झच्या आसपास असतात. ती दिसली की ईसीयू त्या सिलिंडरचं टायमिंग झटक्यात काही अंश मागे घेतो आणि मग हळूहळू पुढे आणतो. मागे घेतलं की ताकद आणि मायलेज दोन्ही कमी होतात, शिवाय एक्झॉस्ट जास्त तापतो.

होटगीरोड, तुमच्या यंत्रावर एवढं नोंदवून आणा: टायमिंग ॲडव्हान्स, इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान, मॅनिफोल्डचा (त्याच हवेचा) दाब, आरपीएम, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय ते). सकाळी आणि दुपारी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये. शेजारच्याला फोन धरायला सांगा, चालवताना बघू नका. आणि हो, बॅटरीची वायर काढून 'रिसेट' अजिबात करू नका. ईसीयूने शिकून ठेवलेलं सगळं पुसलं जाईल आणि पुरावाच जाईल.

सातरस्ता
हा रिसेटचा मुद्दा सगळ्यांनी लिहून ठेवा. कोड पुसला की त्यासोबत साठवलेली क्षणाची नोंद, म्हणजे आरपीएम किती, तापमान किती, लोड किती, तीही जाते.

होटगीरोड
सगळ्यांचे आभार. काल घाटात भावाला फोन धरायला बसवून नोंदी घेतल्या. तिसरा गिअर, २५०० आरपीएम, जवळपास सारखाच चढ.

सकाळी: ॲडव्हान्स १४ अंश, इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमान ४१, मॅनिफोल्डचा दाब १७० किलोपास्कल.
दुपारी: ॲडव्हान्स ३ ते ४ अंश, हवेचं तापमान ६३, दाब तेवढाच.

फ्युएल ट्रिम दोन्ही वेळी तीन टक्क्यांच्या आत. कोड एकही नाही, साठवलेलाही नाही. प्लग काढून बघितले: इरिडियमचे, कंपनीच्याच नंबरचे, गॅप ०.७ च्या किंचित वर. टोकं फिकट तपकिरी, चिनीमाती कुठे तडकलेली नाही. थंड स्टार्टला आवाज नाही.

ॲडव्हान्स१०
छान नोंदी. दाब तेवढाच आहे, म्हणजे बूस्ट गळत नाही, टर्बो आणि होज ठीक. ट्रिम ठीक, म्हणजे मिश्रण पातळ नाही. प्लग ठीक.

हवेचं तापमान २२ अंशांनी वाढलंय. त्यासाठी ईसीयू स्वतःच्या तक्त्यातून काही अंश मागे घेणारच. पण दहा-अकरा अंश फार झाले. त्यातला बराचसा भाग नॉक सेन्सरच्या सांगण्यावरून जातोय असं मला वाटतं. आता नॉक खरा की खोटा, एवढाच प्रश्न.

काळीमाती
खोटा नॉक म्हणजे? इंजिन खोटं बोलतं का आता?

टर्बोताई
इंजिन नाही, सेन्सर फसतो. मी पुण्यात इंजिन टेस्ट बेडवर काम करायचे, आता सोलापुरात आहे. हा प्रकार जवळून पाहिलाय.

सेन्सरला फक्त कंपनं कळतात. ती सिलिंडरमधून आली की बाहेरून, हे त्याला कळत नाही. ईसीयू हुशारी करतो: पिस्टन वर पोहोचून गेल्यानंतरच्या थोड्या अंशांतच कान देतो आणि ठराविक फ्रिक्वेन्सीच निवडतो. पण धातूवर धातू आपटला की त्या ठोक्यात सगळ्याच फ्रिक्वेन्सी असतात. एक्झॉस्टचा सैल पत्रा, ढिला ब्रॅकेट, ब्लॉकला लागणारा पाइप. यातलं काहीही नॉक म्हणून मोजलं जातं आणि टायमिंग मागे जातं.

स्वतः सेन्सरही तपासा. त्याचा बोल्ट ठरलेल्या टॉर्कनेच हवा, बहुतेक गाड्यांत २० न्यूटन-मीटरच्या आसपास. खाली वॉशर टाकलेला नको, रंग किंवा गंज नको. जास्त आवळला तरी वाचन बिघडतं, कमी आवळला तरी.

वेगळं करायची सोपी युक्ती: टाकी जवळपास रिकामी करा आणि शंभर ऑक्टेनचं पेट्रोल भरा. नॉक खरा असेल तर टायमिंग सरळ पुढे येईल, कारण वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल स्वतःहून सहज भडकत नाही. आवाज बाहेरचा असेल तर पेट्रोल कुठलंही घाला, काडीचा फरक पडणार नाही.

भीमाकाठ
शंभरचं पेट्रोल सोलापुरात शोधत बसण्यापेक्षा पुण्यात भरा. महाग आहे, पण चेन किटपेक्षा स्वस्तच पडेल.

शेंगाचटणी
पुण्याला जाताय तर भिगवणला मासे खाऊन या. टाकीसोबत माणसांचाही ऑक्टेन वाढतो.

होटगीरोड
कामासाठी पुण्याला जाणं झालंच. पिंपरीत शंभर ऑक्टेन टाकी भरली, हायवेवर चांगली चालवली म्हणजे ईसीयूला जुळवून घ्यायला वेळ मिळेल, आणि आज दुपारी घाटात पुन्हा नोंदी घेतल्या. ॲडव्हान्स ४ अंश. हवेचं तापमान ६२. म्हणजे काहीच फरक नाही.

सेन्सरपर्यंत हात पोहोचला. बोल्ट जागेवर, कनेक्टर स्वच्छ.

टर्बोताई
मग नॉक बहुधा खोटा. आता दोन प्रश्न, नीट आठवून उत्तर द्या.

सकाळी एसी चालू असतो का? आणि घाटात पाय अर्धा दाबण्याऐवजी पूर्ण दाबला तर काय होतं?

होटगीरोड
सकाळी एसी बंद, काचा खाली. दुपारी अर्थातच चालू, मे महिन्यात सोलापुरात दुसरा उपाय काय.

पूर्ण दाबला तर आधी तशीच मरगळ, मग दोन-चार सेकंदांनी गाडी सुटते. मला वाटायचं टर्बो उशिरा भरतोय.

टर्बोताई
टर्बो उशिरा भरत असता तर मॅनिफोल्डचा दाब उशिरा चढला असता. तुमचा दाब तर आधीच १७० आहे. बऱ्याच गाड्यांत पाय पूर्ण दाबला की ईसीयू थोडा वेळ एसीचा कॉम्प्रेसर सोडून देतो, सगळी ताकद चाकांना मिळावी म्हणून. कॉम्प्रेसर सुटला, खडखड थांबली, मग टायमिंग हळूहळू परत आलं. माझा संशय कॉम्प्रेसर किंवा त्याच्या ब्रॅकेटवर. कॉम्प्रेसर थेट ब्लॉकला बोल्ट केलेला असतो, तिथला ठोका सेन्सरपर्यंत सहज जातो.

एसीचं काम कधी करून घेतलं होतं का?

होटगीरोड
एप्रिलमध्ये. गार हवा येत नव्हती म्हणून एका गॅरेजात कॉम्प्रेसर उतरवून क्लच बदलला होता. मायलेजची घसरण त्याच सुमाराची आहे, आत्ता लक्षात येतंय.

ॲडव्हान्स१०
ताई, तुमचा तर्क आवडला, पण एक खोच आहे. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे असतो आणि बऱ्याच गाड्यांत इंटरकूलरही (टर्बोची तापलेली हवा गार करणारी जाळी) त्याच वाऱ्यात येतो. एसी चालू असला की कंडेन्सर तापतो आणि इंजिनात येणाऱ्या हवेचं तापमानही चढतं. वर कॉम्प्रेसर ओढायला इंजिनावर बोजा पडतो तो वेगळा. नुसता एसी बंद करून टायमिंग सुधारलं, म्हणजे ब्रॅकेट सैल, असं सिद्ध होत नाही. गरमीनेही तसंच दिसेल.

टर्बोताई
अगदी योग्य हरकत. म्हणून तुलना सारख्याच तापमानाला करायची. होटगीरोड, दुपारी एसी लावून घाटाच्या पायथ्यापर्यंत जा. चढ सुरू झाला आणि हवेचं तापमान साठच्या वर गेलं, की चढावरच एसी बंद करा. तापमान पडायला वेळ लागतो. ते साठच्या वर असतानाच टायमिंग पुढे आलं तर कारण गरमी नाही. पाच-सहा सेकंद थांबून वाचा, कारण ईसीयू टायमिंग हळूच परत देतो. घरच्यांना तेवढा वेळ घाम सोसायला सांगा.

निवृत्त_फोरमन
पोरीने लाख मोलाची गोष्ट सांगितली. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आमच्या वर्कशॉपात नवीन पोरं प्लग, फिल्टर, पेट्रोल सगळं एकदम बदलायची. गाडी सुधारायची, पण कशाने सुधारली ते कुणालाच कळायचं नाही. महिन्याने तीच गाडी परत दारात.

सातरस्ता
विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. नॉक सेन्सर ही काही आजची टूम नाही. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला स्वीडनच्या साबने टर्बो गाडीत नॉक सेन्सर ऐकून बूस्ट कमी करणारी यंत्रणा आणली होती. पेट्रोल पंपागणिक वेगळं मिळायचं, इंजिनाने ते स्वतः सांभाळून घ्यावं असा विचार. आताच्या गाड्या आधी टायमिंग मागे घेतात आणि तेवढ्याने भागलं नाही तर बूस्टही.

काळीमाती
म्हणजे जुन्या गाड्यांत नॉक आपल्याला ऐकू यायचा आणि आता गाडी ऐकते आणि गप्प बसते. मालकाला कळायचं कसं?

ॲडव्हान्स१०
म्हणूनच तर वीस-पंचवीस हजार किलोमीटरला एकदा हे आकडे नोंदवून ठेवावेत असं मी सगळ्यांना सांगतो. गाडी चांगली असतानाचे आकडे हाताशी असले की बिघडल्यावर तुलना करता येते. होटगीरोडकडे सकाळचे १४ अंश नसते तर दुपारचे ४ खराब की बरे, हे सांगता आलं नसतं.

होटगीरोड
झालं! नीट सगळं लिहितो.

दुपारी अडीचच्या सुमारास निघालो. चढ सुरू झाल्यावर तापमान ६४, एसी चालू, ॲडव्हान्स ४. एसी बंद केला. तापमान ६४ वरच. भाऊ आकडे वाचत होता: ५, ६, ८, मग ९-१० वर स्थिर. खडखड त्याच क्षणी बंद झाली होती. पुन्हा एसी लावला, पुन्हा खडखड, पुन्हा ४.

तिथून परत येऊन अक्कलकोट रोडला ओळखीच्या मिस्त्रींकडे गेलो. गाडी वर उचलली. इंजिन बंद करून त्यांनी कॉम्प्रेसर हाताने हलवला, तर खालच्या बाजूला सूतभर हलतोय. चार बोल्टपैकी एक सैल, आणि एक मूळचा नाहीच. त्या जागी लांबीने छोटा बोल्ट बसवलेला, जेमतेम तीन आटे धरलेले. सैल बोल्टच्या डोक्याखाली काळसर-विटकरी भुकटी साचली होती आणि कान घासून आरशासारखा चकचकीत झाला होता. मिस्त्री म्हणाले, "ही भुकटी दिसली की समजायचं, इथे दोन धातू महिनाभर एकमेकाला खातायत."

योग्य लांबीचे बोल्ट घातले, टॉर्क पाना लावून आवळले. ब्लॉकचे आटे शाबूत आहेत हे आधी बघून घेतलं. दुसऱ्या दिवशी दुपारी एसी लावून त्याच घाटात: तापमान ६३, ॲडव्हान्स ९ ते १०. खडखड नाही. गाडी ओढतेय.

टर्बोताई, फोरमन काका, ॲडव्हान्स१०, सातरस्ता, भीमाकाठ, तुमचे सगळ्यांचे मनापासून आभार. चेन किटचा खर्च वाचला.

शेंगाचटणी
आता आई भवानीला पेढे आणि या धाग्यावरच्या सगळ्यांना शेंगा चटणी. पाकिटं पाठवायची जबाबदारी माझी!

भीमाकाठ
अभिनंदन. पण सकाळी १४ आणि आता दुपारी १० का? चार अंश अजून कमीच आहेत.

टर्बोताई
ते चार अंश रास्त आहेत. हवा २२ अंशांनी गरम आहे, तेवढं ईसीयूने मागे घ्यायलाच हवं. ते नसतं तर मला काळजी वाटली असती. इंटरकूलरच्या जाळीत किडे, माती, पिशवीचा तुकडा अडकलाय का ते बघा आणि हलक्या पाण्याने धुवा. सोलापूरच्या धुळीत हे वर्षातून एकदा करावं. जोराचा प्रेशर मारू नका, पत्र्या वाकतात.

आणखी एक. चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये पंधराशे आरपीएमला पाय दाबून गाडी रेटायची सवय असेल तर सोडा. लहान टर्बो इंजिनात कमी आरपीएम आणि पूर्ण बोजा यांत मिश्रण ठिणगीच्याही आधी पेटण्याचा धोका असतो. तिथे टायमिंग मागे घेऊन ईसीयूला काही करता येत नाही, कारण ठिणगी पडायच्या आतच काम झालेलं असतं. एकच दणका पिस्टनला पुरतो. एक गिअर खाली घ्यायचा. तेलही बघून घ्या: डब्यावर एपीआय एसएन प्लस किंवा एसपी लिहिलेलं हवं. २०१८ ला एसएन प्लस आणि २०२० ला एसपी हे दर्जे आले, त्यांत या धोक्याची चाचणी धरलेली आहे. तुमच्या पुस्तिकेत सांगितलेली ग्रेड आणि हा दर्जा, दोन्ही जुळलं पाहिजे.

होटगीरोड
तेल एसपीच आहे, डबा बघितला. गिअरचं लक्षात ठेवतो. भाऊ मात्र पाचव्यात रेटतो, त्याला हा प्रतिसाद वाचायला दिला आहे.

निवृत्त_फोरमन
सर्व्हिस सेंटरला परत जाऊन हे आकडे दाखवा. रागाने नको, शांतपणे. तिथे नव्याने लागलेली पोरं असतात, त्यांना स्कॅनर वाचायला शिकवलेलं असतं, पण त्या आकड्यामागचं कारण शोधायला वेळ कुणी देत नाही. एखाद्याने जरी कॉम्प्रेसर हलवून बघायची सवय लावून घेतली तरी पुढच्या माणसाची चेन वाचेल.

आणि त्या एसीवाल्या गॅरेजलाही सांगा. आखूड बोल्ट बसवून गाडी देणं ही गोष्ट मला अजिबात पटत नाही. तीन आट्यांवर तेवढं वजन टांगायचं? कॉम्प्रेसर धावत्या गाडीत निसटला असता तर पट्टा तुटून काय झालं असतं!

सातरस्ता
काकांशी शंभर टक्के सहमत.

चादरवाला
उशिरा आलो, धागा पूर्ण वाचला. माझी डिझेल टर्बो आहे, तीही दुपारी एसी लावला की दमते. मीही टायमिंग बघू का?

ॲडव्हान्स१०
डिझेलला ठिणगीच नसते, इंजेक्शनचं टायमिंग असतं, आणि डिझेलमध्ये असा नॉक ऐकून मागे घेण्याचा प्रकार साधारणपणे नसतो. तुमच्याकडे आधी इंटरकूलरचे होज, ईजीआर (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा वाल्व) आणि एअर फिल्टर बघावे लागतील. नवीन धागा काढा आणि मॅनिफोल्डच्या दाबाचे आकडे घेऊनच या, एसी लावून आणि बंद करून, दोन्ही.

चादरवाला
आज संध्याकाळी घेतो.